लग्नाची गाठ आणि ग्रीन कार्डाची वाट

दिल्लीत 'हिंदूराव' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते मलकागंजजवळच्या टेकडीवरचे मोठे इस्पितळ. रिक्षावाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सारे जण हे नाव रोज घेतात. पण ते एका मराठी माणसाचे आहे, हे दिल्लीतल्या कित्येक मराठी घरांनाही ठाऊक नसते. हिंदूराव घाटगे मूळचे कोल्हापूरजवळच्या कागलचे. त्यांची बहीण बायजाबाई १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांना दिली आणि त्या एका सोयरिकीने सबंध घराण्याचे नशीब उत्तरेकडे वळले. टेकडीवरचा बंगला विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा होता. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे तो हिंदूरावांनी विकत घेतला. बंगल्याला चिकटलेले त्यांचे नाव इस्पितळाकडे आले.

सोयरिकीमुळे मुलूख बदलणे आपल्याकडे असे जुनेच आहे. तेव्हा मुलगी कागलहून शिंद्यांच्या घरी गेली, आज करोलबागेतून न्यू जर्सीला जाते. फरक इतकाच की, तेव्हा वऱ्हाड आणि मेणे लागत, आता कागद लागतात. आणि फसगत होते ती या कागदांतच.

मुलगा नेमका कोण?

'मुलगा अमेरिकेत सेटल आहे' एवढे ऐकले की पुढचे प्रश्न विचारायला वधूपक्षाला संकोच वाटतो. पगार विचारला जातो, पत्रिका पाहिली जाते, पण पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारले जात नाही. खरे तर सगळे त्यावरच अवलंबून असते.

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याच्या पत्नीसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. आय-१३० हा अर्ज मंजूर झाला की पुढची प्रक्रिया सुरू होते. मुलगा केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर मात्र पत्नीला रांगेत उभे राहावे लागते, कारण त्या वर्गाला दरवर्षी ठरावीकच जागा असतात. मधल्या काळात तो नागरिक झाला तर पत्नीची ही रांग संपते. आणि मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरी करत असेल तर पत्नीला मिळतो तो एच-४ व्हिसा. ते ग्रीन कार्ड नव्हे. पतीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच अशा पत्नीला नोकरीचा परवाना मागता येतो. इथे बँकेत किंवा शाळेत स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी तिथे कित्येक वर्षे घरी बसू शकते. हे लग्नाआधी कळले तर ती विचार करून होकार देईल. नंतर कळले तर मनात कायमची अढी बसेल.

दोन वर्षांचे कार्ड

नागरिकाशी लग्न झाले म्हणजे सारे पक्के झाले, असेही नाही. ग्रीन कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील तर कार्ड फक्त दोन वर्षांचे असते. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये हा कायदा आला. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. संसार खरा आहे, हे त्यात दाखवावे लागते. त्यासाठी दोघांच्या नावाचे बँकेचे खाते, घराचा भाडेकरार, विमा, कराची विवरणपत्रे असे कागद लागतात. लग्नाचा अल्बम एकटा पुरत नाही.

नेमक्या याच ठिकाणी वाईट प्रवृत्तीच्या नवऱ्याच्या हाती दोरी येते. 'माझ्या सहीशिवाय तुझे काही चालणार नाही, उद्या परत पाठवीन,' ही धमकी परक्या देशात एकट्या पडलेल्या मुलीला पुरेशी असते. ती आईला फोनवर 'सगळे ठीक आहे' सांगते आणि सोसत राहते.

पण ही धमकी पूर्ण खरी नाही. लग्न प्रामाणिकपणे केलेले होते आणि पुढे घटस्फोट झाला, किंवा पतीकडून छळ झाला, तर पत्नीला अट काढण्याचा अर्ज एकटीने करता येतो. पती मुळात अर्जच भरत नसेल आणि छळ करत असेल, तर १९९४ च्या कायद्याने तिथे राहणाऱ्या पत्नीला स्वतःसाठी अर्ज करण्याचा मार्ग दिला आहे. त्यासाठी पतीची सही लागत नाही. शिवाय पत्नीला आणताना पतीने तिच्या पोषणाची हमी लिहून दिलेली असते. ती घटस्फोटानेही आपोआप संपत नाही. निघण्यापूर्वी एवढे ठाऊक असलेल्या मुलीला कोणी सहज घाबरवू शकत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा खटला

एकाच्या कागदावर दुसऱ्याचे आयुष्य कसे टांगले जाते, याचे जुने उदाहरण आहे. अहमदाबादला जन्मलेले सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले आणि लॉस एंजेलिसला वकिली करू लागले. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. लगेच सरकार पंडितांचे नागरिकत्व काढून घ्यायला निघाले. ते गेले असते तर तेव्हाच्या कायद्यामुळे, स्वतःच्याच देशात जन्मलेल्या पत्नीचेही नागरिकत्व धोक्यात आले असते.

पंडित स्वतः लढले. मिळालेल्या नागरिकत्वावर विसंबून आपण आयुष्य उभारले, आता ते काढणे न्याय्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले, तर १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा मात्र १९४६ मध्येच उघडला.

नागरिकत्व मागावे लागते

आज पत्नीचे नागरिकत्व पतीवरून ठरत नाही. लग्नाने फक्त वाट थोडी जवळची होते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी अर्ज करता येतो. नागरिक पतीबरोबर राहत असेल तर तीन वर्षांनी. सुरुवातीची अटीची दोन वर्षेही यात मोजली जातात. मात्र तीन वर्षांची सवलत एकत्र संसार चालू असेल तरच मिळते. इंग्रजीची आणि त्या देशाच्या इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा तिची तिनेच द्यायची असते.

आणि त्या शपथेबरोबर इकडचे एक दार बंद होते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मिळू लागलेल्या ओसीआय कार्डावर येणे-जाणे व राहणे सोपे होते. पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे शेतीचा वाटा असेल तर घरात आधी बोलून घ्यावे. ग्रीन कार्डावर आयुष्यभर भारतीय राहणेही शक्य आहे. निर्णय घाईचा नाही आणि तो एकट्या पतीचाही नाही.

पाठवणीची खरी शिदोरी

दागिन्यांच्या डब्याबरोबर एक फाइल तयार करावी. तीत विवाह नोंदणीचा दाखला, जन्माचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रे आणि पतीने केलेल्या अर्जाच्या प्रती असाव्यात. प्रतींचा एक संच माहेरी ठेवावा. नियम आणि शुल्क बदलत असतात. ते अर्ज करण्याच्या वेळी अमेरिकन सरकारच्या माहितीवरून तपासावेत, दलालाच्या शब्दावरून नव्हे. मुलाखत दिल्लीत चाणक्यपुरीलाच होईल असेही धरून चालू नये. अनेकांना त्यासाठी मुंबईला जावे लागते.

आणि प्रत्येक कागदावर सही करण्यापूर्वी मुलीने तो वाचावा. 'जावईबापू बघतील' हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, पण कार्डावर नाव आणि फोटो मुलीचा असतो. ज्याचे नाव, त्यालाच त्या कागदाची माहिती हवी.