परसबाग आणि ताट

शाळेच्या आवारात मुलांनी वाफे करावेत, मेथी-पालक पिकवावा, पालापाचोळ्याचे खत करावे, विषारी फवारणीवाचून कीड कशी आवरता येते हे प्रत्यक्ष पाहावे, याला विरोध असण्याचे कारण नाही. हाताचे काम हे शिक्षणाचे केंद्र असावे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला होता. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे उशिरा का होईना, योग्यच झाले. तथापि, अन्न कसे पिकते हे शिकविणाऱ्या शाळेने ते कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हेही शिकविले पाहिजे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा धडा टाळताच येणार नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत हा मुलूख शेतीकडून यंत्राकडे वळला. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी नावाजलेल्या चाकणभोवती महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील जमिनी औद्योगिक वसाहतीखाली गेल्या. ज्याच्या आजोबांची जमीन गेली तो मुलगा आणि जिचे आईबाप मराठवाड्यातून वा बिहारमधून कंत्राटी कामासाठी आले ती मुलगी एकाच बाकावर बसतात. दोघांच्याही घरी धान्य दुकानातूनच येते. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळात बऊर येथे ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकऱ्यांचा बळी घेतला. पाणी कोणाचे, हा प्रश्न वगळून शेती शिकविणे म्हणजे अर्धाच धडा देणे होय.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के, तर शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क दिला. शहरातील कुटुंबासाठी त्या वर्षी ठरलेली उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार रुपयांची होती. म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. त्याहून चार पैसे अधिक मिळविणारा, पण त्यातला मोठा वाटा खोलीभाड्यात घालविणारा कंत्राटी कामगार या मोजपट्टीने गरीब ठरत नाही. त्याचे मूल मात्र उपाशी राहू शकते.

अशा मुलाला आधार असतो तो शाळेतल्या जेवणाचा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आदेश दिला, तेव्हा शिजविलेले जेवण हा मुलांचा हक्क ठरला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या योजनेचे प्रमाण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला आणि अंडे हवे असल्यास लोकवर्गणीतून द्यावे, असे सुचविले. सुखवस्तू वस्तीतली शाळा वर्गणी जमवील. मजुरांच्या वस्तीतली शाळा कोणापुढे हात पसरणार? फळ्यावर प्रथिनांचे महत्त्व लिहावयाचे आणि ताटातले अंडे दानशूरांच्या मर्जीवर सोडावयाचे, या विसंगतीतून मुले जे शिकतात ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते.

सेंद्रिय भाजी ही चढ्या भावाने घेता येणाऱ्यांचीच मिरास ठरू नये, यासाठी परसबागेतली भाजी प्रथम शाळेच्याच पातेल्यात पडली पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांना पालकांसह जावे, धान्याची आवक व ताटातले प्रमाण यांचा हिशेब मागावा, तुटपुंज्या मानधनावर खिचडी शिजविणाऱ्या भगिनींची बाजू घ्यावी, शिधापत्रिकेवाचून राहिलेल्या कामगारांची नोंद करून ती तहसील कचेरीपुढे ठेवावी आणि अंड्याचा खर्च शासनानेच उचलावा, अशी मागणी लावून धरावी. वाफ्याला पाणी घालणाऱ्या मुलांची ताटे भरलेली असतील, तरच त्यांना दिलेल्या शिक्षणाला अर्थ राहील.