लॅपटॉप सोयाबीन निघाल्यावर घ्या



चार दिवसांपासून उघडीप आहे. सोयाबीन फुलोऱ्यात आलंय, बऱ्याच ठिकाणी चक्रीभुंगा दिसायलाय. त्यावर सविस्तर लिहीनच, पण आज विषय वेगळा आहे. या आठवड्यात पाहुण्यारावळ्यांचे सहा फोन आले आणि सहापैकी एकही औषधाचा नव्हता. "लेकराचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, लॅपटॉप कोणता घ्यावा?" मला विचारायचं कारण एवढंच की माझी थोरली मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुतण्या कॉम्प्युटरला आहे. दोघांच्या वेळी मी दुकानं पालथी घातली आणि कॉलेजच्या लॅबमधल्या माणसालाही गाठून विचारलं. मी स्वतः दहावी पास. तरी खताच्या गोणीवरचे आकडे वाचून माल घेणारा माणूस लॅपटॉपही घेऊ शकतो, असं माझं मत झालंय.

कोणता घ्यावा हे पुढं सांगतो. आधी कधी घ्यावा ते. अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात घेऊ नका. दिवाळीच्या आसपास घ्या, सोयाबीन निघाल्यावर.

आपल्याकडं ऑगस्टमध्ये कोणाच्या हातात पैसा असतो? बी, खत, तणनाशक, दोन फवारण्या, सगळं जमिनीत गेलेलं. पीककर्ज उचललेलं. त्यात कॉलेजची फी, होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स. नेमकं त्याच वेळी दुकानात 'स्टुडंट ऑफर'चे बोर्ड लागतात. लेकरू म्हणतं सगळ्यांनी घेतलाय. मग साठ-सत्तर हजारांचं यंत्र हप्त्यावर येतं. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू आणि सोयाबीन ऑक्टोबरला. मधले दोन-तीन हप्ते कुठून भरायचे? उसनवारी करून, नाहीतर बायकोच्या अंगावरचं काढून.

आणि हे 'झिरो टक्के' प्रकरण नीट समजून घ्या. प्रोसेसिंग फी वेगळी लागते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला बहुतेक वेळा मिळत नाही. ती सूट म्हणजेच व्याज समजा. हप्ता चुकला तर दंड आणि वर सिबिल खराब. पीककर्जाला सिबिल बघू नका असं सरकार बँकांना सांगत असतं, पण शाखेत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एका लॅपटॉपच्या चुकलेल्या हप्त्यापायी पुढच्या जूनमध्ये पीककर्जाला टाळाटाळ झाली तर ते परवडणारं नाही.

हिशेब आपल्या भाषेत मांडतो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये होता. बाजारात माझा माल ४३०० च्या आसपास गेला. म्हणजे साठ हजारांचा लॅपटॉप हा चौदा क्विंटल सोयाबीन झाला. एकरी सात-आठ क्विंटलचा उतारा धरला तर दोन एकरांचं अख्खं उत्पन्न, तेही खर्च वजा न करता. एवढ्या पैशाची वस्तू आपण घाईत घेतो आणि तीन हजारांच्या स्प्रे पंपाला मात्र चार दुकानं फिरतो.

कोणी शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कोर्सला लागणारा कॉम्प्युटर त्या कर्जात बसवता येतो. अर्ज करतानाच कोटेशन जोडा, नंतर घालायला गेलं की अडचण होते. त्याची परतफेड साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होते. दुकानातल्या फायनान्सपेक्षा हे केव्हाही बरं.

घाई नको म्हणायचं दुसरं कारण शाखेचं. कॅपच्या पहिल्या राउंडला सिव्हिल लागलं, पोरानं बेटरमेंट ठेवलं, तिसऱ्या राउंडला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, असं दरवर्षी होतं. काहीजण पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेतात. आणि लॅपटॉप शाखेप्रमाणं बदलतो. विहिरीची खोली मोजायच्या आधी मोटार आणून ठेवत नाही ना आपण?

बरं, पहिल्या सहामाहीत काम तरी काय असतं? गणित, फिजिक्स-केमिस्ट्री, ड्रॉइंग, आणि सी नाहीतर पायथनमधले छोटे प्रोग्राम. याला कुठलाही साधा कॉम्प्युटर चालतो आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो असतो. ड्रॉइंग अजून बऱ्याच ठिकाणी शीटवर हातानं काढून घेतात. कॉम्प्युटर शाखेच्या लेकराला थोडं आधी लागेल हे मान्य, पण त्याचेही दोन-अडीच महिने लॅबवर निघतात. त्या काळात त्यानं एकच काम करावं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटून विचारावं की कोणती सॉफ्टवेअर वापरता आणि कशावर अडतं. दुकानदाराला विचारू नये, तो त्याच्याकडं जे पडून आहे तेच सांगणार.

आता कोणता घ्यायचा ते. १८:४६ म्हटलं की गोणीत काय आहे ते आपल्याला कळतं, तसंच इथंही आकडे आणि अक्षरं असतात. 'आय ५' एवढ्यावर भुलू नका. आय ५ दहा वर्षांपूर्वीचाही असतो आणि कालचाही. पुढचा आकडा बघा. १२३५ यू असेल तर १२ ही पिढी आणि शेवटचं यू अक्षर म्हणजे कमी वीज खाणारा, हलक्या कामाचा. एच असेल तर जास्त ताकदीचा, पण तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. एएमडीच्या रायझनमध्ये तर गंमत आहे. ७५२०यू हा आकडा बघून वाटतं ७००० म्हणजे नवा माल. पण त्यात तिसरा आकडा आतली बनावट सांगतो. तिथं २ आहे म्हणजे आतला गाभा जुन्या झेन २ बनावटीचा. लेबल नवं, बी जुनं.

सगळ्यात आधी मेमरी बघा, म्हणजे रॅम. ८ जीबी आज कशीबशी पुरते, चार वर्षं पुरणार नाही. १६ असावी. बजेट नसेल तर ८ घ्या, पण एक जागा रिकामी आहे का ते विचारून घ्या. आजकाल पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढत नाही. मुलीच्या लॅपटॉपला मी हीच अट धरली. तो पडला अठ्ठावन्न हजारांना. दुसऱ्या वर्षी आणखी ८ जीबी टाकली, त्या वेळी दोन हजारांच्या आत काम झालं. आता दर वेगळा असेल, विचारून बघा. साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी, स्क्रीन फुल एचडी. एवढं जमलं की बहुतेक शाखांचं भागतं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड सगळ्यांना लागत नाही. माझं मत इथं जरा कडक आहे. गेमिंग लॅपटॉप म्हणजे पाच एकरवाल्यानं पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दारात उभा करणं. वजन अडीच किलोच्या घरात, विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी दोन-तीन तासांत बसते. मेकॅनिकल-सिव्हिलचं लेकरू मोठी थ्रीडी डिझाइनं करणार असेल तर कार्डाचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण माझी मुलगी सॉलिडवर्क्सची कॉलेजची कामं बिनाकार्डाच्या लॅपटॉपवर करते. जड अ‍ॅनालिसिस असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बसते. पुतण्याला मशीन लर्निंगला कार्ड हवं होतं. तो गुगल कोलॅबवर फुकटात करतो. त्यालाही मर्यादा आहेत, पण शिकण्यापुरतं होतं.

मॅकबुकचं विचारणारेही दोघं निघाले. वस्तू चांगली आहे. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट, स्टॅड प्रो ही सॉफ्टवेअरं विंडोजवर चालणारी. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी तिकडं जाऊच नये.

सॉफ्टवेअरवरून आठवलं. होस्टेलवर पेनड्राइव्हमधून चोरीचं ऑटोकॅड फिरत असतं, त्याबरोबर व्हायरसही येतात. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट देते, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं एवढंच. अ‍ॅन्सिसचीही विद्यार्थ्यांसाठी फुकट आवृत्ती आहे. हे लेकरांना सांगा.

ज्यांचं बजेट पंचवीस-तीस हजारांवर थांबतं त्यांनी त्या पैशात नवा सेलेरॉन प्रोसेसरवाला, ४ जीबीचा डबा घेऊ नये. तो वर्षभरात रडवतो. त्यापेक्षा कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले जुने लॅपटॉप मिळतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी नावं असतात. अंगानं दणकट असतात आणि बऱ्याच मॉडेलांचे पार्ट बदलता येतात. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघा, कारण विंडोज ११ त्याच्या खाली बसत नाही आणि विंडोज १० चं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालंय. विकणाऱ्याच्या समोर तासभर बॅटरीवर चालवून बघा. बैल घेताना चालवून बघतोच की.

आता मुलींचं. हे लिहायचं म्हणूनच खरं तर मी बसलो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं पूर्ण माफ केली. म्हणजे अशा घरात मुलीच्या इंजिनिअरिंगला होस्टेल-मेस सोडलं तर लॅपटॉप हाच मोठा खर्च राहिला. आणि तिथंच हात आखडतात. सहा फोनांपैकी एकजण म्हणाले, "दाजी, पोराला गेमिंगचा घेतोय, पोरगीला त्याचा जुना देऊ, ती काय उद्या सासरी जाणार." मी त्यांना फोनवर बोललो तेच इथं लिहितो. मुलींच्या होस्टेलचं गेट संध्याकाळी बंद होतं. मुलगा रात्री दहापर्यंत लॅबमध्ये नाहीतर मित्राच्या खोलीवर बसून काम उरकतो. मुलीला ते करता येत नाही. तिचं रात्रीचं सगळं काम तिच्या खोलीतल्या यंत्रावरच होणार. दोघांत एकालाच चांगला घेणं परवडत असेल तर तो आधी मुलीला घ्या. त्यांना पटलं का नाही ते कळलं नाही, "बघू" म्हणाले.

शेवटचं, दुरुस्तीचं. आपल्या तालुक्याला सर्व्हिस सेंटर नसतं. पण लॅपटॉप राहणार कॉलेजच्या गावी, तेव्हा पुणे, नांदेड, संभाजीनगर जिथं लेकरू शिकणार तिथं त्या कंपनीचं सेंटर आहे का ते बघूनच कंपनी ठरवा. शक्य असेल तर पडझडीचाही विमा घ्या, कारण एसटीच्या प्रवासात बॅग कशी आदळते ते आपल्याला माहीत आहे. पक्कं बिल लेकराच्या नावानं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्या दुकानात पाय ठेवू नका. घरी आलं की तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू झालीय ते त्याच दिवशी तपासा. चार-सहा महिने आधीची तारीख निघाली तर बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकान गाठा.