ब्रीद आणि शिक्षणक्रम

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते राम ताकवले. शाळा-कॉलेज मध्येच सुटलेली गृहिणी, कामगार, शेतकरी ही माणसे डोळ्यांसमोर ठेवून हे विद्यापीठ उभे राहिले.

या माणसांसाठी पुस्तक लिहिणे वेगळे कसब आहे. शिक्षक समोर नाही, म्हणून घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे. दिवसभर राबून आलेली बाई रात्री नऊला पान उघडते, तेव्हा ते पान तिच्याशी बोलले पाहिजे. वर्गातल्या नोट्स स्कॅन करून पाठवल्या की दूरशिक्षण होते, हा समज घातक आहे.

आज मात्र जवळपास प्रत्येक विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम हवे आहेत, आणि पुष्कळदा शुल्काच्या हिशेबाने. आमचे मत स्पष्ट आहे: नवा शिक्षणक्रम मंजूर करताना विद्यार्थिसंख्येच्या अंदाजाआधी तो कोणासाठी, हे लिहून मागावे. अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारा शिक्षक, येतो का, स्वाध्याय कोणी खरोखर वाचतो का, शेरा लिहितो का, हेही पाहावे. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला बंद दार दिसणे हा त्या ब्रीदाचाच भंग.

वाचकांपैकी कोणी अशा केंद्रात शिकत किंवा शिकवत असतील, तर त्यांनी आपला अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवावा.