तोडफोडीची बोंब आणि कडीचा हिशेब

सार्वजनिक संडासाची कडी तुटली, नळाची तोटी गेली, दार निखळले की नगरपरिषदेचे उत्तर ठरलेले असते : ‘लोकांनाच वापरता येत नाही, दुरुस्ती करून काय उपयोग?’ हे ‘लोक’ म्हणजे कोण, ते वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरात संडास नाही, ज्यांची वस्ती नाल्याकाठी आहे ते. म्हणजे बहुतेक वेळा आमचेच. भंडारा, तुमसर, पवनी येथील वाचकांना हे उत्तर नवे नाही. एकदा हा शिक्का बसला की कुलूप ठोकायला कारण मिळते आणि दोन वर्षांनी त्याच भिंतीवर नव्या टाइल्स बसवायची निविदा काढायलाही.

आम्ही हिशेब मांडतो. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांप्रमाणे वस्तीच्या सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 स्त्रियांमागे एक शौचकूप हवे. हा निकष तंतोतंत पाळला असे समजू. 35 जण दिवसातून एकेकदा गेले तर कडी 70 वेळा सरकते. वर्षाला 25 हजारांवर वेळा. पाच माणसांच्या घरातली कडी एवढे काम करायला सात वर्षे घेते. मग बाजारातली सर्वांत स्वस्त कडी चार स्क्रूंवर लावायची आणि ती सहा महिन्यांत निघाली की ‘तोडफोड’ म्हणायचे, हा कुठला न्याय? पहाटे 5 ते 8 या वेळात 35 जणांनी उरकायचे तर एकेकाला पाचच मिनिटे मिळतात. बाहेरचा माणूस दारावर धक्के मारतो तो माज म्हणून नव्हे.

खरी तोडफोडही होते. पितळी तोट्या भंगारात जातात, दारुडे दिवे फोडतात. त्यांची वकिली आम्ही करणार नाही. पण त्याला उपाय पोलीस नव्हे, बांधकाम आहे. पाण्याचे नळ भिंतीमागच्या बंद बोळातून न्यावेत, संडासात फक्त तोटीचे तोंड दिसावे. तोटी अशी असावी की भंगारवाला तिचे दोन रुपयेही देणार नाही. खिडकीला काच नको, सिमेंटची जाळी हवी. दिवा उंच आणि जाळीत. कडी दाराच्या आरपार नटबोल्टने आवळलेली. फ्लशची टाकी तर काढूनच टाकावी, ती सर्वांत आधी मोडते. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे साधारण दोन लिटर पाण्यात साफ होते. त्यासाठी हौदात पाणी मात्र असले पाहिजे. नगरपरिषदेच्या नळाला पाणी नसताना घाणीचा दोष वापरणाऱ्याला देणे ही शुद्ध लबाडी आहे.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात टाइल्स असतात, रंग असतो, उद्घाटनाची कोनशिला असते. सेप्टिक टाकी नसते. गाडीचा पाइप पोहोचणार नाही अशा जागी टाकी असली की माणूस उतरवला जातो आणि तो कोणत्या जातीचा असतो हे आपण जाणतो. 2013 च्या कायद्याने अशा सफाईला बंदी घातली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबाला 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्याहून कितीतरी कमी पैशात टाकीचे तोंड रस्त्याकडे आणता येते.

देखभालीच्या माणसाचेही तसेच. त्याला कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडून किमान वेतन बुडवायचे आणि ती जागा एकाच वस्तीतून भरायची, हा जातीचाच कारभार झाला.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवू नये. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झालेला बोले ठराव सरकारी पैशावर चालणाऱ्या पाणवठ्यांचा, धर्मशाळांचा होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले, तरी 20 मार्च 1927 पर्यंत ते कागदावरच खुले होते. आजही तेच : शहरी महाराष्ट्र 2017 मध्ये, ग्रामीण 2018 मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला आणि वस्तीतल्या संडासाला कुलूप आहे! रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीकडे निघणाऱ्या बाईला त्या घोषणेचा काय उपयोग? पवनीजवळ रुयाडच्या महासमाधी भूमीवर फेब्रुवारीत हजारो उपासक-उपासिका येतात, त्यांनी कुठे जावे?

तेव्हा माहिती अधिकाराचा साधा अर्ज प्रत्येक वस्तीतून गेला पाहिजे. आपल्या संडासावर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला, त्यातला देखभालीवर किती. टाकी शेवटची कधी उपसली, यंत्राने की माणसाने. देखभाल करणाऱ्याला महिना किती मिळतो. आणि कुलूप कोणाच्या सहीने लागले.