पाठीमागे कोण आहे?

गेल्या महिन्यात वडवणीच्या बाजारात भाजी घेताना एका भगिनीने आम्हाला गाठले. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही एवढं लिहिता. एक सांगा, पोरांना भुताचे सिनेमे बघू द्यावेत का? आणि ते मोबाईलवरचं गोळ्या घालायचं खूळ, त्याचं काय करावं?" हातात पिशव्या होत्या, ऊन तापले होते. पुढच्या अंकात लिहितो असे सांगून आम्ही सुटका करून घेतली. ते देणे आज फेडतो.

आम्हाला भुताच्या गोष्टी आवडतात, हे आधीच कबूल केलेले बरे. शिकायला असताना वाचनालयात नारायण धारपांच्या कादंबऱ्यांसाठी आम्ही नंबर लावत असू. 'लुचाई' तर रात्री कंदिलाच्या उजेडात वाचली आणि पहाटेपर्यंत बाहेर जायची हिंमत झाली नाही. ती स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून बेतलेली आहे हे फार उशिरा कळले, पण तोवर भिऊन झाले होते. पुढे वस्तीत वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणला जाई. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आम्ही पटांगणात गोधड्या अंथरून पाहिला. 1993 साली 'झपाटलेला' आला तेव्हा तात्या विंचूला पाहून आमची धाकटी बहीण आठवडाभर बाहुलीला ट्रंकेत कोंडून झोपत होती.

कोणी म्हणेल, तुम्ही भूत मानत नाही, मग भुताच्या गोष्टी कशाला वाचता? अहो, साखर कारखाना आपल्या मालकीचा नाही म्हणून चहात साखर घालायची नाही काय? गोष्टीतली भीती पुस्तक मिटले की मिटते. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि त्यांनीच 'अलबत्या गलबत्या'त लहान पोरांसाठी चिंची चेटकीण उभी केली. त्या चेटकिणीला पोरे भितात आणि हसतातही. हसून झाल्यावर भीती फारशी उरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

भुतांमध्येही जात असते, हे मात्र सिनेमावाले सांगत नाहीत. 2024 साली 'मुंज्या' नावाचा हिंदी चित्रपट खूप चालला. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या पण लग्नाआधी मेलेल्या मुलाचे भूत. आता आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणाची मुंज झाली नाही, तेव्हा आमचा मुंजा होण्याचा प्रश्नच येत नाही! हा विनोद आम्ही घरी केला, पण तो चित्रपट पाहून आलेल्या आमच्या नातवाला काही हसू आले नाही. मुंजा पिंपळावर राहतो असे त्याला कळले होते, आणि आमच्या विहारासमोर पिंपळच आहे. पोरगा संध्याकाळी तिकडून जाईना. मग एका रात्री आम्ही त्याला घेऊन त्याच झाडाखाली शेंगा खात बसलो. सिद्धार्थ गौतम ज्या झाडाखाली रात्रभर बसले ते हेच झाड, त्यांना तिथे काय मिळाले ते तुला ठाऊक आहे, असे सांगितले. पोरगा वर बघून म्हणाला, "आबा, मग मुंजाला का नाही मिळालं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. शेंगा मात्र संपल्या आणि तेव्हापासून तो तिकडून जातो.

गोष्टीतली भीती वेगळी आणि गावात शिरलेली भीती वेगळी. आमच्या पिढीला हे शिकवावे लागत नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मानवतला 1972 ते 1974 या काळात खुनांची मालिका झाली. दुष्काळाचे दिवस. आम्ही अगदी लहान होतो. दिवेलागणीला आई आम्हाला आत ओढून कडी लावी, एवढे पक्के आठवते. बळी गेल्या त्या मुली आणि बायका. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून हे केले गेले, असे तपासात पुढे आले. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवरून 2024 साली 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. आम्ही ती पाहिली, पण 'तुंबाड' पाहताना जी मजा आली ती येईना. 'तुंबाड'मध्येही गुप्तधनाचीच हाव आहे. पण तिथला हस्तर कोणाच्या दारात आला नाही. मानवतमध्ये हस्तर नव्हताच, कोयता होता आणि तो धरणारी माणसे होती.

आता मोबाईलच्या खेळाकडे येतो. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर आली. पोरे दुसऱ्या दिवशी फ्री फायर मॅक्स खेळू लागली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, तो योग्यच झाला. रमीत बुडालेले तरुण आम्ही पाहिले आहेत. पण बंदीने आपल्याकडचा प्रश्न सुटत नाही, कारण आपल्याकडे तो मोबाईल घरात आला तोच वेगळ्या कारणाने. दसरा-दिवाळी झाली की कोयता कारखान्यावर जातो. आईबाप सहा महिने उसाच्या फडात, लेकरू आजीपाशी. उचलीतून एक मोबाईल घेतात, लेकराचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. बोलणे दहा मिनिटे होते, उरलेली रात्र मोबाईल लेकराच्या हातात.

आमच्या शेजारच्या वस्तीतील एक आजी जानेवारीत रडत आमच्याकडे आली. तिचा नातू आठवीत आहे. "गुर्जी, लेकराला लागीर झालंय. रातच्याला अंधारात एकलंच बोलतंय. पाठीमागं हाय, पाठीमागं हाय म्हणतंय. वळून बघावं तर कुणीच नाय!" देवऋषी ठरला होता. काळी कोंबडी आणि अकराशे रुपये. मिरचीची धुरी द्यावी लागेल असेही त्याने सांगितले होते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाने धुरी देणे हा गुन्हा आहे, हे आम्ही तिला सांगितले. पण कायदा ऐकून आजीचे रडे थांबेना. तिच्या दृष्टीने लेकरू परक्याची ठेव होती. सून परत आली तर तिला काय तोंड दाखवू, हीच तिची काळजी.

त्या रात्री दहा वाजता आम्ही तिच्या घरी गेलो. पोरगा भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून गोधडी घेऊन बसला होता. गोधडी उचलली. मोबाईल, कानात इअरफोन. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. हिशेब काढला तर खेळातले 'डायमंड' घेण्यात आईबापांनी पाठवलेल्यातले नऊशे रुपयेही गेले होते. आम्ही रागावलो, रागावायला हवेच होते. पण हे एवढ्या रात्री कोणाशी बोलतोस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "दोस्त हाय. त्याचे मायबाप बी कारखान्यावर हायेत."

आम्ही इअरफोन काढून आजीच्या कानाला लावला. पलीकडून एक बारीक आवाज "कुठं गेला रे, कुठं गेला?" असे विचारत होता. आजी दचकली. मग दोन्ही हातांनी तो मोबाईल धरून मोठ्याने म्हणाली, "कोणाचं लेकरू हायस रं तू? कुठलं गाव?"

धारूर तालुक्यातले गाव निघाले. घरात तोही आजीपाशीच. आजी क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "जेवलास का?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो पोरगा म्हणाला, "नाय अजून."