नोंद नसलेला बदल

पिंपरी-चिंचवडमध्ये एक युक्तिवाद फार ठामपणे ऐकू येतो. गाडी माझी, हप्ता वेळेवर भरलाय. मी सीएनजी किट बसवलं, जादा दिवे लावले, तर विमा कंपनीचा काय संबंध?

संबंध आहे. कंपनीने जोखीम घेतली ती आरसीवर नोंदलेल्या गाडीची. हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चाकणच्या कारखान्यात लाइनवर साधा बोल्ट बदलायचा तरी ड्रॉइंगची नवी रिव्हिजन लागते. तोंडी सांगण्यावर कुणी पाना उचलत नाही. आणि तोच माणूस रविवारी गॅरेजमध्ये स्वतःच्या गाडीचं मूळ वायरिंग बेलाशक कापू देतो! शॉर्ट सर्किटने गाडी पेटली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी ती जोडणीच शोधणार.

कायदाही मालकाच्या लहरीवर चालत नाही. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. सीएनजीला वाट मोकळी आहे, पण किट मान्यताप्राप्त हवं, आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद हवी आणि मग पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद. त्यासाठी किटच्या किमतीच्या हिशेबाने थोडा जादा हप्ता पडतो. तो वाचवायला अख्ख्या गाडीचं संरक्षण पणाला लावणं मला अजिबात पटत नाही.

पण दुसऱ्या टोकाचं म्हणणंही मी मानत नाही. काहीही बदललं की क्लेम बुडालाच, असं सांगणारे एजंट भेटतात. गाडीमालक बी. व्ही. नागराजू यांच्या 1996 च्या खटल्यात मालवाहू गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं होती. तरी अपघात त्या जादा माणसांमुळे झालेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. नाशिक रस्त्यावर उभ्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं, तर पुढच्या जादा दिव्यांचा त्यात काय दोष? तिथे मालकाने गप्प बसू नये. नकाराचं कारण लेखी मागावं, आणि बदलाचा अपघाताशी संबंध काय ते कंपनीला विचारावं. उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं.