अपरिग्रह फक्त मुलींनाच का?



प्राणिमात्रांवर दया करणे हे राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये नागरिकाचे कर्तव्य आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, हेही त्याच कलमात आहे. ते मात्र कुणी सांगत नाही.

हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. तरी माहेरी हक्कसोडपत्र पुढे येते आणि बहिणीला अपरिग्रहाची आठवण करून दिली जाते. भावाला नाही!

त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचा होतो, तोही स्वेच्छेने. आधी हिस्सा नावावर होऊ द्या. मग ठेवायचा की दान करायचा, हे तिचे तिला ठरवू द्या.